काट्यावर चढवलेली पोरं

माझी सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाड्या यायच्या आणि मी खिडकीत बसून आकडे लिहायचो. आधी रिकामी गाडी काट्यावर घ्यायची, मग भरलेली. मोठ्या आकड्यातून लहान काढला की माल किती ते कळतं. चौथी पास माणसाला एवढी वजाबाकी पुरते. त्यात लबाडी कशी करतात तेही मला पाठ होतं. गाडी भरलेली असली की क्लिनर केबिनमधल्या फळीवर चादर ओढून झोपलेला असायचा, आणि रिकामी असली की तोच क्लिनर चहाला गेलेला. क्लिनरचं वजन लोखंडाच्या भावाने विकलं जायचं. मी ते पकडायचो. कधी कधी पकडायचो नाही. लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो.

माझी बायको म्हणायची, "तुमची जीभ काट्यावर ठेवली तर काटाच मोडेल." मी तोंडाचा फाटका, ती माझ्याहून फाटकी. एकमेकांना टोले देत आम्ही सगळा संसार केला. गेल्या वर्षी ती गेली आणि घरात टोला द्यायला कोणी उरलं नाही. लोक येऊन सांगतात, आता देवाचं नाव घ्या. देवाचं नाव घ्यायला माझी हरकत नाही, पण तो उलटून बोलत नाही.

ती गेली आणि आमच्या नातीने बोलायचं सोडलं. नात म्हणजे मुलाची मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. मुलगा जासईला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, घरी येतो तो झोपायला. सून तळोज्याला कारखान्यात पॅकिंगला, तिची पाळी बदलती. पोरगी वाढली ती आजीच्या कडेवर. दोघींचं तोंड दिवसभर चालू असायचं. मी ओरडायचो, "काय मच्छीबाजार लावलाय!" आता बाजार उठला. पोरगी जेवायची, शाळेत जायची, वहीत अभ्यास लिहायची, पण तोंडातून शब्द नाही. काही हवं असलं की बोट दाखवायची. रडायची तेव्हासुद्धा आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. शेजारीण म्हणाली, "आजीचा जीव अडकलाय तिच्यात, उतरवून घ्या." भगताकडे नेलं. त्याने लिंबू फिरवलं, कोंबडा मागितला आणि पौर्णिमेनंतर बोलेल म्हणून सांगितलं. कोंबडा त्याने खाल्ला, पौर्णिमा आली आणि गेली. शाळेतल्या बाईंनी तिला आधी हट्टी ठरवून वर्गात उभं केलं, मग स्वतःच घाबरून सुनेला बोलावलं. पनवेलात मुलांच्या मनाचे एक खासगी डॉक्टर आहेत. काचेचं दार, आत काचेच्या पेटीत मासे. दर आठवड्याला यावं लागेल म्हणाले. फी ऐकली आणि माझीही वाचा गेली. मासे बघून परत आलो.

मग त्याच शाळेतल्या बाई म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी मुलांच्या मनाची ओपीडी असते, फुकट. कुठला दवाखाना ते मी लिहीत नाही. एकाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी सुटायचं, हे मला पटत नाही.

दारावर हा एवढा मोठा फलक. त्यावर हात जोडून हसणारे चार पुढारी. पोरांच्या ओपीडीच्या फलकावर पोर एकही नाही. आत भिंतीवर जिराफ रंगवलेला. चिताऱ्याचा उंचीचा अंदाज चुकला असावा, कारण जिराफाची मान छताला लागून वाकली होती. मान वाकवून वर्षानुवर्षं एका जागी उभा, म्हणजे प्राणी सरकारी नोकरीतलाच म्हणायचा. कोपऱ्यात खेळण्यांचं काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, खेळण्यांना प्लास्टिक. किल्ली स्टोअरच्या माणसाकडे, आणि स्टोअरचा माणूस रजेवर. निधी आला होता म्हणे, पण तो कपाटापर्यंत आला, पोरांच्या हातापर्यंत यायचा राहिला.

खोलीतली बाई मात्र सरकारी वाटत नव्हती. तिशीची असेल, करारावर लागलेली. तिचं पद मला नीट उच्चारता यायचं नाही, म्हणून मी तिला बाईच म्हणायचो. तिने स्वतःच्या कापडी पिशवीतून भातुकली काढली, बाटल्यांची झाकणं काढली, चिंध्यांची एक बाहुली काढली आणि फरशीवर मांडली.

"गोळ्या कुठे हायेत?" मी विचारलं.

"गोळ्या नाहीत, आजोबा."

"सुई?"

"सुईपण नाही. आम्ही खेळणार आहोत."

"खेळायला घरी अंगण हाय. दोन रिक्षा बदलून खेळायला आणलंय काय हिला?"

बाई हसली. "तुम्ही पण खाली बसा. एकच अट. तिला काही विचारायचं नाही. बोल म्हणायचं नाही."

"मग मी करू काय?"

"गप्प बसायचं. जमेल?"

माझी बायको असती तर त्या फरशीवर लोळून हसली असती.

बसलो. माझे गुडघे वाजले तो त्या खोलीतला मोठ्यात मोठा आवाज. पहिले दोन मंगळवार पोरगी नुसती बघत होती. तिसऱ्याला तिने झाकणं रांगेत लावली. मी मनात म्हणायचो, सरकार झाकणं लावायला बाईला पगार देतंय, बरं चाललंय. पण एक गोष्ट खरी, की मंगळवार उजाडला की पोरगी स्वतः उठून वेणी घालायला सुनेपुढे जाऊन बसायची. शाळेसाठी तिला ओढून काढावं लागायचं.

पाचव्या मंगळवारी तिने बाहुलीला फडक्यावर झोपवलं. वरून आपला रुमाल पांघरला. मग तोंडावर बोट ठेवून बाईला खूण केली. मग मला केली. मग उठून जिराफासमोर गेली आणि त्यालाही केली.

बाईने बाहुलीवरचा रुमाल नीट केला. मग सावकाश म्हणाली, "आजोबा, आजी गेल्या त्या दिवशी हिला कोणी गप्प बस म्हणालं होतं का?"

मी जिराफाकडे बघत बसलो. म्हणालो होतो. मीच म्हणालो होतो.

पहाटे ती गेली तेव्हा घरात मी आणि पोरगी. मुलगा ट्रेलरवर, सून पाळीवर. पोरगी उठली आणि रोजच्यासारखी आजीच्या नावाने ओरडत आत आली. मी दारात आडवा झालो. काय सांगणार होतो तिला? अजून मी मलाच सांगितलं नव्हतं. म्हणालो, "गप. आजी झोपलीय. आवाज करू नको, उठेल." मग माणसं जमली, कोणी तरी पोरीला शेजारी नेऊन ठेवलं, आणि ती परत आली तेव्हा आजीची जागा सारवून झाली होती. पोरीने आवाज केला नव्हता. सांगितलं तसंच वागली होती. अजूनही वागत होती.

बाईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "त्या वेळी जे सुचलं ते तुम्ही केलंत. पण आता तिला खरं सांगायला हवं, आणि तुम्हीच सांगायला हवं. घरी घाईत नको. पुढच्या मंगळवारी इथे बसून आपण दोघं सांगू. मी शेजारी असेन."

मी आठवडाभर त्या मंगळवाराची तयारी करायला तयार होतो. पण त्याच दिवशी बाहेर केसपेपरच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "आजोबा, पुढचा मंगळवार बहुतेक शेवटचा. वरून साहेब येतायत संख्या बघायला. संख्या नसली तर निधी परत."

"किती पोरं येतात?"

"सात. कधी आठ."

"आणि पायजेत किती?"

"चाळीस तरी दिसायला हवीत."

"म्हणजे सातच पोरांचं बिघडलंय हा गुन्हा झाला? बाकीची तेहतीस बिघडवून आणू काय?"

कारकून म्हणाला, "मला काय सांगता? मी फक्त शिक्का मारतो."

आता माझ्यासारख्या काट्यावरच्या माणसाला यावर काय सुचणार? साहेब काटा बघायला येतोय, गाडी हलकी आहे, तर क्लिनर चढवा. सबंध नोकरीत जी लबाडी मी दुसऱ्यांची पकडली ती म्हातारपणी स्वतः करायला निघालो, आणि तीही मोठ्या हुशारीने.

हळदीचं बोलावणं करायला जावं तसा घरोघर फिरलो. "मंगळवारी तुमची पोरं द्या, दुपारी परत आणून सोडतो."

एक सूनबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, आमचा काय येडा हाय?"

"येडा नाय म्हणून तर मागतोय. खरा आजारी असता तर तू लपवून ठेवला असतास."

ती गप्प झाली. जरा जास्तच गप्प झाली, पण तेव्हा माझं लक्ष आकड्याकडे होतं. गावातली पोरं कमी पडली तेव्हा नव्या इमारतींच्या कामावर झोपड्या आहेत तिथे गेलो. त्या बायांनी काही विचारलं नाही. सकाळी जाऊन पोर दुपारी जेवून येणार, एवढंच त्यांना पुरलं. प्रत्येकाला वडापाव कबूल केला. पुतण्याचा टेम्पो लग्नाच्या वऱ्हाडांना भाड्याने जातो, तो घेतला. शाळा बुडाली तर बुडाली. एका दिवसाने कोणी अडाणी राहत नाही, मी चार वर्षं जाऊन राहिलोय.

मंगळवारी साहेब आले. काय तो थाट! रजेवरचा स्टोअरवाला किल्लीसकट हजर. कपाट उघडलं, प्लास्टिक फाडलं, एकेका पोराच्या हातात खेळणं दिलं, फोटो काढला आणि खेळणं परत घेतलं. साहेब खुशीत म्हणाले, "वा, प्रतिसाद फारच छान आहे!" मी लांबून मान डोलावली. वऱ्हाड माझंच होतं.

बाईने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. "आजोबा, हे काय केलंत?"

"तुमची खोली वाचवली."

तिने कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला. प्रत्येक पोराचा कागद भरायचा होता, साहेबांसमोर. पोर आत जायचं, पाच मिनिटांत बाहेर यायचं, वडापाव घ्यायचं. माझी नात जिराफाखाली बाहुली घेऊन बसली होती. तिला सांगितलं होतं की आज बाई आणि आजोबा तुझ्याशी बोलणार आहेत. ती दुपारपर्यंत तशीच बसून होती.

शेवटी बाई बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "आज नको. अशा गडबडीत सांगायची गोष्ट नाही ती. पुढच्या मंगळवारी नक्की." आणि मग हातातले कागद पुढे केले. "आजोबा, तुम्ही नुसती गर्दी म्हणून आणलीत. पण यातल्या नऊ पोरांनी केव्हाच यायला हवं होतं."

झोपड्यांतली एक मुलगी होती. तिचा बाप स्लॅबवरून पडला ते तिने बघितलं होतं, तेव्हापासून ती रोज अंथरूण ओलं करायची आणि आई रोज मारायची. आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या त्या सूनबाईचा मुलगा. त्याने बोटांची नखं रक्त येईपर्यंत खाल्ली होती. आमच्या गल्लीतलं पोर. मी त्याला रोज बघतो, नखं कधी बघितली नव्हती.

तेहतीस क्लिनर चढवले होते मी. त्यातले नऊ लोखंडाचे निघाले.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप, दारावर कागद. कारकुनाने तो मला समजेल अशा भाषेत सांगितला. साहेबांनी स्वतः पाहिलं होतं की एक बाई एका दिवसात चाळीस पोरं तपासू शकते. मग दर आठवड्याला खोली कशाला? महिन्यातून एक मंगळवार पुरे. बाकीचे दिवस बाईंनी दुसऱ्या तालुक्यांत फिरायचं. निधीचा योग्य वापर.

पोरगी कुलुपाकडे बघत होती. मी तिला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचं कार्यालय गाठलं. दोन तास बाकावर बसवलं, मग आत घेतलं. साहेब माणूस गोड. चहा सांगितला.

मी म्हटलं, "साहेब, ती पोरं मी आणली होती. वडापाव देऊन. माझी चूक झाली."

"म्हणजे खरी संख्या सातच?"

"सात नाय. सात आणि नऊ."

"सोळा. म्हणजे चाळीस नाहीत."

"नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही हे लेखी दिलंत तर मला खोली बंदच करावी लागेल. संख्याच नाही. नाही दिलंत तर महिन्यातून एकदा चालू राहील. काय करू, सांगा?"

काट्यावर मी बनेल ड्रायव्हर बघितले, बनेल व्यापारी बघितले. पण असा काटा बघितला नव्हता. भरलेली गाडी दाखवा, म्हणतात एकच खेप पुरे. हलकी दाखवा, म्हणतात गाडीच कशाला?

"आणि लहान पोरं ती," साहेब समजुतीने म्हणाले, "मोठी झाली की आपोआप सुधारतात."

"सगळीच नाय सुधारत, साहेब," मी म्हटलं. "काही साहेब होतात."

चहा संपवून उठलो. लेखी काही दिलं नाही. एवढी माझी शरणागती मी इथे लिहून ठेवतो.

त्यानंतरच्या मंगळवारी खोली बंद असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सकाळी पोरगी सुनेपुढे वेणी घालायला जाऊन बसली. सून म्हणाली, "आज नाही गं बाळा." पोरगी उठेना. बाईने तिला बाहुली घरी नेऊ दिली होती, ती काखेत धरून बसली होती. शेवटी मी म्हटलं, घाल वेणी.

दवाखान्यात जाऊन कुलुपासमोरच्या बाकावर बसलो. मी बाईला फोन लावला. ती एसटीत होती, कुठल्या तरी तालुक्याच्या वाटेवर. मी विचारलं, पोर इथे येऊन बसलीय, काय करू? एसटीचा खडखडाट ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "आजोबा, महिनाभर ताटकळत ठेवू नका. तुम्हीच सांगा. खाली बसून सांगा. झोपली म्हणू नका, देवाघरी गेली म्हणू नका. जे झालं तो शब्द वापरा. आणि चूक तुमची होती, तिची नाही, हे सांगायचं विसरू नका."

मी फरशीवर बसलो. माणसं केसपेपर घेऊन वळसा घालून जात होती. पोरगी बाकावरून उतरून माझ्यासमोर बसली आणि बाहुली मध्ये झोपवली.

"आजी मेली," मी म्हणालो.

हा शब्द तोवर मीही तोंडातून काढला नव्हता. सगळ्यांना गेली, गेली सांगायचो. जशी बाजाराला गेलीय आणि पिशवी घेऊन येईल.

"त्या दिवशी ती झोपली नव्हती. मेली होती. मेलेलं माणूस आवाजाने उठत नाय. तू ओरडली असतीस तरी उठली नसती, आणि तू गप राहिलीस म्हणून परत येणार नाय. मी खोटं बोललो तुझ्याशी. चूक माझी. तुझी काय नाय."

तिने बाहुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले, पण पहिल्यांदा नुसतीच हवा आली. बंद पडलेल्या नळाला पाणी यायच्या आधी येते तशी.

"मग बोलू?"

"बोल."

"मोठ्यानं?"

"बोंबल."

आणि ती ओरडली. "आज्जीऽऽ!" त्या लांब व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आवाज. कोणाच्या हातातला केसपेपर पडला. सलाईनची बाटली धरून उभी असलेली एक बाई वळून बघायला लागली. पोरगी दम घेऊन पुन्हा ओरडली, आणि आता रडण्यालाही आवाज होता.

चमत्कार झाला असं कोणी समजू नये. शाळेत ती अजून ओठ उघडत नाही. बाई म्हणते वेळ लागेल, आणि वेळ म्हणजे महिन्यातून एक मंगळवार, मोठ्या रांगेतला. त्या नऊ पोरांपैकी चौघांच्या आया येतात. बाकीच्यांचं काम दुसऱ्या इमारतीवर गेलं, पोरंही गेली. जिराफ आहे तिथेच आहे.

पण त्या दिवशी मी फरशीवर बसलेला असताना शिपाई धावत आला. "ओ आजोबा! दवाखाना आहे हा! 'शांतता राखा' लिहिलंय, वाचता येत नाही का?"

"चौथीपर्यंतचं येतं."

"मग तिला गप्प करा आधी!"

"गप केली होती," मी म्हटलं. "सात महिने गप होती. तेव्हा तुमच्यातलं कोणी धावत आलं नाय."

मी नातीच्या नाकाखालचं पाणी धोतराच्या सोग्याने पुसलं.

"घे दम," म्हटलं, "आणि अजून एकदा."